चौफुलीवर चूक कुणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी कुणीतरी चार शब्द सांगावयाचे असा रिवाज आहे. कधी मुलांच्या आहारावर, कधी बचतीवर, कधी सणावारांवर आपण ऐकत आलो. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी "चौफुली" असे म्हटले. त्यांना वाटले, मी हळदीकुंकवाच्या चौफुल्याविषयी काही गोड बोलणार. मला बोलावयाचे आहे ते रस्त्यावरच्या चौफुलीविषयी, आणि ते काही फारसे गोड नाही. तरी ऐकून घ्यावे, ही विनंती.

आपले वाटूर हे फाट्याचे गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी आणि परतूरला वळणारी वाहने आपल्या फाट्यावरून रात्रंदिवस जातात. फाट्यावर आपण सगळ्याच जपून असतो. पोराचा हात धरतो, पदर सावरतो, दोन्हीकडे पाहतो. परंतु मी सांगणार आहे ती चौफुली फाट्यावरची नव्हे. ती शिवारातली आहे. दोन सारखेच अरुंद डांबरी रस्ते एकमेकांना कापून जातात. पाटी नाही, पट्टा नाही, दिवा नाही. कोणता रस्ता मोठा आणि कोणता लहान, ते देवालाही सांगता येऊ नये. अशा चौफुल्या आपल्या तालुक्यात गावोगावी आहेत, आणि त्यांच्यावरून आपली माणसे रोज शेतावर, शाळेत, बाजाराला जातात.

२०२४ च्या डिसेंबरात, सकाळी नवाच्या सुमारास, अशा एका चौफुलीवर माझ्या मोटारीची एका दुचाकीशी टक्कर झाली. मोटार मी चालवीत होते.

तुमच्यापैकी पुष्कळजणींना हे ठाऊक आहे. लहान गावात काही झाकून राहत नाही. पण गावात जे बोलले गेले त्यात अर्धे खरे आणि अर्धे तिखटमीठ होते. कुणी म्हणाले, "बाईमाणसाने मोटार चालवली की असेच व्हायचे." कुणी म्हणाले, "दुचाकीवाला तिघांना घेऊन सुसाट आला." मी नोकरीभर शाळेत मुलांना गणित शिकवले. मुलांना मी नेहमी सांगे की उत्तर घाईने लिहू नये, आधी पायऱ्या मांडाव्यात. तेव्हा आज आपण पायऱ्या मांडू.

मी दक्षिणेकडून उत्तरेकडे चालले होते. दुचाकी माझ्या डाव्या हाताने, म्हणजे पश्चिमेकडून आली आणि पूर्वेकडे चालली होती. दोघांच्या मधल्या कोपऱ्यात तुरीचे शेत होते. मार्गशीर्षातली तूर तुम्हांला सांगावयास नको. पुरुषभर उंच आणि शेंगांनी गच्च. तिच्यापलीकडचा रस्ता मला दिसत नव्हता, आणि तिच्याअलीकडची मी त्यांना दिसत नव्हते. दुचाकीवर नवरा, बायको आणि मध्ये पाच वर्षांची मुलगी अशी तिघे होती. कापूस वेचणीला निघाली होती. माझ्या मोटारीचा डावा दिवा त्यांच्या मागच्या चाकाला लागला. मुलगी तुरीत जाऊन पडली, म्हणून वाचली. नवऱ्याचा हात मोडला. मागे बसलेल्या बायकोच्या मांडीचे हाड मोडले.

आता तुम्ही मनात विचारले असेल की चूक कुणाची? मीही त्याच क्षणी तेच विचारले, आणि याची मला आज लाज वाटते. ती बाई रस्त्यावर कण्हत होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो, "मी तर माझ्या बाजूने चालले होते," हा. कायद्याने मात्र अशा वेळी पहिले काम ठरवून दिले आहे. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम सांगते की चालकाने आधी जखमीला उपचार मिळवून द्यावेत आणि मग पोलिसांना कळवावे. एक ट्रॅक्टरवाला भाऊ थांबला, त्याने १०८ ला फोन लावला, मुलीला उचलून घेतले. तो साक्षीला अडकू म्हणून घाबरत होता. त्याला आणि तुम्हांलाही ठाऊक असावे म्हणून सांगते: २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात असे आले आहे की जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा रस्त्यावर कुणी पडलेले दिसले तर थांबत जा. भिऊ नका.

आता चुकीकडे वळू.

पाटी नसलेल्या चौफुलीवर कायदा मुका असतो, अशी आपली समजूत असते. तसे नाही. १९८९ साली केंद्र सरकारने रस्त्याचे नियम केले. त्यांतला आठवा नियम सांगे की चौफुली जवळ आली की वेग कमी करावा, आणि आपल्यामुळे तिथल्या कुणाला धोका नाही अशी खात्री होईपर्यंत तीत शिरू नये. नववा नियम सांगे की जिथे वाहतुकीचे नियंत्रण नाही तिथे, पुढचा रस्ता मुख्य म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरून जाणाऱ्याला वाट द्यावी. तसे नसेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला वाट द्यावी. २०१७ साली या नियमांच्या जागी नवे विनियम आले, पण ही दोन तत्त्वे टिकून आहेत.

उजवीकडूनच का, असे एका मैत्रिणीने मला विचारले. पाटावर दोन रेघा ओढून पाहा. आपण डाव्या बाजूने चालणारे लोक. त्यामुळे उजवीकडून येणारे वाहन आडव्या रस्त्याच्या आपल्याजवळच्या अर्ध्या भागातून येते. आपण चौफुलीत पाऊल टाकले की पहिली गाठ त्याचीच पडते. म्हणून त्याला आधी जाऊ द्यावे. नियमात काही गूढ नाही. मात्र चारी बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतेच, आणि मग नियम हात टेकतो. तिथे माणुसकीनेच वाट निघते. माझे वडील सांगत की अरुंद वाटेवर रिकाम्या बैलगाडीने भरल्या गाडीला वाट द्यावी. तीही एक प्रकारची चौफुलीची रीतच.

तर आता नियम लावा. दुचाकी माझ्या डावीकडून आली, म्हणजे मी तिच्या उजवीकडे होते. वाट देणे तिचे काम होते. माझे दीर हे ऐकून खूष झाले. म्हणाले, "वहिनी, सुटलात! चूक सरळ त्याची." त्यांनी आणखी एक सल्ला दिला. "जबाबात वेग वीस सांगा. कोण बघायला आले होते?"

भगिनींनो, माझा वेग वीस नव्हता. काटा चाळिसावर होता. टकरीच्या जरा आधी मी तो पाहिला होता.

चाळीस म्हणजे काही फार नव्हे, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत होते. पण पुढे एके दिवशी मी मुलाला घेऊन त्या जागी गेले आणि फितीने मोजले. चालकाच्या जागेवरून डावीकडचा रस्ता दिसू लागतो तो चौफुली बारा मीटर उरली असता. त्याच्याआधी फक्त तूर. आता गणित करा. चाळीसच्या वेगाने मोटार एका सेकंदात अकरा मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक दाबला जाईपर्यंत अकरा मीटर संपले आणि हातात एक मीटर उरला. ब्रेक दाबल्यावर मोटार कोरड्या रस्त्यावर आणखी नऊ मीटर तरी जाते. एकूण वीस. माझ्याजवळ होते बारा. आता वेग वीस धरा. सेकंदाला साडेपाच मीटर, ब्रेकनंतरचे सव्वादोन. सारे मिळून आठाच्या आत. वेग निम्मा केला की ब्रेकनंतरचे अंतर निम्मे होत नाही, पाव होते. वीसच्या वेगाने मी थांबले असते, आणि चार मीटर शिल्लक राहिले असते. ते चार मीटर म्हणजे त्या बाईची मांडी.

म्हणजे नववा नियम त्याने मोडला होता आणि आठवा मी. वाट माझी होती हे खरे. पण तुरीने झाकलेल्या माणसाला माझी वाट दिसणार कशी? उजवीकडचा मान हा समोरच्याला आपण दिसू तेव्हाच मिळावयाचा. न दिसता तो घेऊ गेलो तर तो मान राहत नाही, दडपशाही होते.

मग अशा वेळी दोष ठरवतात कसा? जुन्या काळी विलायतेत याची मोठी गंमत होती. १८०९ सालचा एक खटला आहे. डर्बी गावात एकाने घरदुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा वासा टाकला होता. संध्याकाळी एक जण घोडा भरधाव सोडून आला, वाशावर आपटला आणि पडला. न्यायालयाने सांगितले, तू नीट पाहून चालला असतास तर वाचला असतास. तुला काही मिळणार नाही. वासा टाकणारा मोकळा! पुढे १८४२ साली एक गाढवाचा खटला झाला. मालकाने गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर चरावयास सोडले होते. तीन घोड्यांची गाडी जोरात आली आणि गाढव मेले. गाढव रस्त्यावर सोडणे ही चूकच. पण न्यायालय म्हणाले, टक्कर टाळण्याची शेवटची संधी गाडीवाल्याला होती, तेव्हा भरपाई त्यानेच द्यावी. म्हणजे एकदा सगळे एकाच्या पदरात, एकदा सगळे दुसऱ्याच्या. दोघांची चूक दोघांत वाटावी, हे शहाणपण त्या देशाच्या कायद्यात यावयाला १९४५ साल उजाडले.

आपल्याकडची न्यायालयेही आता दोष वाटून देतात. मुंबईत बेस्टची बस आणि सायकलवरचा एक तरुण मुलगा यांच्या अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००३ च्या निकालात न्यायालयाने मुलाचाही दोष मानला, पण तो चौथा हिस्सा. बाकीचा भार बसवाल्यांवर राहिला. तेव्हा "चूक कुणाची?" हा आपला प्रश्नच थोडा चुकलेला आहे. "कुणाची किती?" असे विचारावयास हवे. घरातल्या भांडणातही हा प्रश्न उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

आणि "किती" हे ठरवतात कशावरून? पंचनाम्यावरून, चाकांच्या घसरणीवरून, काचा कुठे सांडल्या यावरून, कोणत्या गाडीचा कोणता भाग चेपला यावरून, आणि साक्षीवरून. माझ्या चाकांची घसरण चौफुलीच्या जेमतेम दोन पावले अलीकडे सुरू झाली होती, ती त्या एका मीटरची साक्ष. काचा चौफुलीच्या मध्याच्या जराशा पलीकडे होत्या. दुचाकी मागच्या चाकावर मार खाऊन पडली, म्हणजे ती आधी शिरली होती. मात्र अशा खुणांवरही आंधळा भरवसा ठेवता येत नाही. टकरीनंतर गाड्या कुठे पडल्या एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात सांगितले आहे. पहिल्या खबरीत ज्याचे नाव तोच दोषी, असेही नाही. फौजदारी खटल्यात वाजवी संशयाला जागा उरू नये इतका पुरावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणती गोष्ट अधिक संभवते एवढे पाहतात.

गावात आणखी एक न्याय चालतो. मोठी गाडी ती दोषी. कायद्यात असे कुठे लिहिलेले नाही. पण मी त्याला हसणार नाही. लोखंडाच्या पेटीत बसलेल्याचा दिवा फुटतो आणि उघड्यावर बसलेल्याचे हाड मोडते. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याने अधिक जपावे, हे तर आपण चुलीजवळच्या सुनेलाही सांगतो.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते.

चौथ्या दिवशी मी जालन्याच्या रुग्णालयात त्या बाईला भेटावयास गेले. मांडीत सळई घातली होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "आमचीच चूक असंल, बाई. तिघं बसलो होतो, गाडीचा विमा सरलेला, यांच्याजवळ लायसन बी न्हाई. आमी काय भांडावं?"

भगिनींनो, मी थिजून उभी राहिले. या बाईच्या हातात हँडल नव्हते. पायाखाली ब्रेक नव्हता. ती मागे बसली होती, एका हाताने नवऱ्याला आणि दुसऱ्याने लेकीला धरून. दोन चालकांनी चुका केल्या आणि त्यांची बेरीज ती स्वतःच्या पदरात घेत होती. आपल्यापैकी किती जणी आयुष्यभर अशाच मागे बसून समोरच्यांच्या चुका पदरात घेत आल्या, ते मी इथे विचारीत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

घरी येऊन मी एका ओळखीच्या वकीलबाईंना गाठले. त्यांनी मला जे समजावले ते मी तुम्हांला जसेच्या तसे सांगते, कारण आपल्यातल्या बहुतेक जणी दुचाकीवर मागेच बसतात.

पहिली गोष्ट. दोन चालकांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर त्या तिसऱ्याचा दोष शून्य. तिची भरपाई कापता येत नाही. आणि दोघांत दोष कितीही वाटला जावो, ती पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हे स्पष्ट केले. त्या दोघांनी आपापसांतला हिशेब मागाहून पाहावा. नवऱ्याच्या स्वतःच्या दाव्यातून त्याच्या चुकीचा वाटा वजा होईल. बायकोच्या दाव्यातून नव्हे. नवऱ्याची चूक ती बायकोची चूक, असे कायदा मानीत नाही.

दुसरी गोष्ट. तिघे बसणे हा गुन्हा आहे आणि ते करूच नये. पण तेवढ्यावरून अपघाताचा दोष अंगावर येत नाही. तिघे बसल्यामुळेच टक्कर झाली किंवा इजा वाढली असे दाखवावे लागते, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परवाना नसण्याविषयीही २००८ चा तसाच निकाल आहे. कागद नसल्याचा दंड वेगळा, टकरीचा दोष वेगळा.

तिसरी गोष्ट. दोष सिद्ध न करताही मिळणारी भरपाई कायद्यात आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या १६४ व्या कलमाप्रमाणे मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. अधिक हवे असेल तर १६६ व्या कलमाखाली दोष दाखवून मागावयाचे. त्याच दुरुस्तीने अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून "पाय बरा झाला की बघू" असे म्हणत बसू नये. दावा जिथे अपघात झाला तिथे करता येतो, तसाच आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडेही.

चौथी गोष्ट, आणि ही घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रीला वकील फुकट मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे विचारले जात नाही. जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा फोन आहे.

मी हे सगळे त्या बाईला जाऊन सांगितले. आता गंमत पाहा. मी तिला माझ्याच विरुद्ध दावा करावयास शिकवीत होते! आमच्या घरी दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोलले नाही. दीर म्हणाले, "विमा कंपनीला कळले तर पैसे द्यायला ती नाही म्हणेल. आपण चूक कबूल करायची नसते." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कंपनीच्या संमतीवाचून आपली जबाबदारी कबूल करू नये, अशी अट विम्याच्या कागदात असते. मी वकीलबाईंना विचारले. त्यांनी एक वाक्य सांगितले, ते माझ्या मनात कोरले गेले आहे. त्या म्हणाल्या, "दोष ठरवणे हे तुमचे कामच नाही. तुम्ही फक्त घडले ते सांगा."

मग मी तसेच केले. जबाबात "माझी चूक" असेही लिहिले नाही आणि "त्याची चूक" असेही नाही. काटा चाळिसावर होता, हे लिहिले. तूर होती, दिसत नव्हते, तरी वेग कमी केला नाही, हे लिहिले. दुचाकी डावीकडून आली आणि तीही थांबली नाही, हेही लिहिले, कारण तेही खरे होते. गरिबाविषयी कणव आली म्हणून त्याची चूक पुसणे हाही खोटेपणाच. सही करताना माझा हात थरथरला. वीस लिहिले असते तर थरथरला नसता का? मला वाटते, तेव्हा नाही, पण पुढे जन्मभर थरथरला असता.

माझ्यावरचा फौजदारी खटला अजून उभा आहे. त्याविषयी मी बोलणार नाही. जे जबाबात सांगितले तेच इथे सांगितले. तिचा भरपाईचा दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला, पैसे माझ्या मोटारीच्या विम्यातून मिळाले. त्यात तिच्या नावावर दोषाचा एक पैसाही धरला गेला नाही. नवऱ्याने आपल्या हाताचे पुष्कळ कमी घेतले आणि कुरकुर केली नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बाई, म्या बी दाबली न्हाई ब्रेक." तेवढेच. दोन चालकांत त्याहून अधिक बोलणे झाले नाही, आणि व्हावयासही नको होते. ती अजून किंचित लंगडते. हे मी शेवटी सांगते आहे, कारण पैशाने हिशेब मिटतो, पाय मिटत नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, असे सरकारी अहवाल सांगतो. आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. त्याला आडवा रस्ता एकही येत नाही, सारे वरून किंवा खालून जातात. चौफुलीच नाही, तर चौफुलीवरची चूक कुठून! पण आपला संसार त्या रस्त्यावर नाही. आपला संसार तुरीच्या कडेच्या रस्त्यावर आहे, आणि तिथे कुणी पूल बांधणार नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या वर्षात आपण दुसरे काही नवे केले नाही तरी चालेल. आपल्या शिवारातल्या चौफुल्या एकदा पायी फिरून पाहू. जिथे दिसत नाही तिथली नोंद वहीत करू, आणि ज्याच्या ताब्यात रस्ता असेल त्याच्याकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, गतिरोधकाचा आणि पाटीचा अर्ज देऊ. लाल अष्टकोनी पाटी म्हणजे थांबा. खाली टोक असलेला त्रिकोण म्हणजे वाट द्या. या दोन पाट्या आपल्या मुलांना स्वस्तिकाइतक्या ओळखीच्या व्हाव्यात. ज्यांची शेते कोपऱ्यावर आहेत त्यांना, म्हणजे आपल्याच घरच्या पुरुषांना, सांगू की कोपऱ्यावर चार तासे तुरीऐवजी हरभरा पेरा. हरभऱ्यावरून पलीकडचे दिसते. मी ज्या शेताची हकीकत सांगितली त्याच्या मालकिणीने यंदा तसे केले आहे. ती आज इथे बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही, पण तिचे आभार मानते.

आणि तोवर, पाटी येईपर्यंत, मागे बसणाऱ्या बायांनी एक काम करावे. चौफुली आली की पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणावे, "जरा हळू." तो रागावेल. रागावू द्या. तुमच्या हातात ब्रेक नाही हे खरे, पण तोंड आहे.

मी आता प्रत्येक चौफुलीवर थांबते. उजवीकडे पाहते, डावीकडे पाहते, वाट माझी असली तरी पाहते. मागचा भोंगा वाजवतो. वाजवो बापडा.